सातव्या हिरवळीखालची हिल्डा

मेव्हिस टायसनने आपल्या फेरेटचं नाव हिल्डा ठेवलं, तेव्हा तिच्या सासूचं नावही हिल्डाच होतं आणि सासू चांगली ठणठणीत होती.

"तुमच्या मानाखातर ठेवलंय हो, सासूबाई," मेव्हिस म्हणाली.

म्हातारीने त्या लांबुळक्या, पिवळट-पांढऱ्या जनावराकडे चष्म्यावरून पाहिलं. "चावते का?"

"चावते. आणि एकदा धरलं की सोडत नाही."

"मग शोभतंय," म्हातारी म्हणाली, आणि चहा मागितला.

आमचं समुद्राकाठचं सँडरिग म्हणजे एक गल्ली, एक चॅपल, एक खाटकाचं दुकान, आणि बाकी सगळी वाळू. वारा असा की धुणं आपल्या अंगणात घालावं आणि शेजारणीच्या अंगणातून गोळा करावं. त्या वाळूच्या टेकड्यांमध्ये सशांनी इतकी बिळं करून ठेवली आहेत की सगळं गाव पोकळ झालंय असं मेव्हिस म्हणायची. आणि ससे हाच तिचा जन्माचा उद्योग. शाळेच्या स्वयंपाकघरात ती पोरांना वाढायची ते पगारासाठी. पण शनिवार उजाडला की सायकलच्या मागे लाकडी पेटी बांधून, पेटीत फेरेट घालून, जाळ्या खांद्यावर टाकून ती निघायची. शेतकरी बोलवायचे, रेल्वेवाले बोलवायचे, ससे थडगी उकरायला लागले की चॅपलवालेही बोलवायचे. बिळांच्या तोंडांना जाळ्या लावायच्या, एका बिळात फेरेट सोडायचं, आणि गप्प बसायचं. मुंगसासारखं ते जनावर आत शिरलं की खालून धडधड ऐकू येते आणि ससे दुसऱ्या तोंडाने सुटतात ते थेट जाळीत. हे काम तिच्या वडिलांनी तिला शिकवलं. गप्प बसणं मात्र तिला कुणी शिकवू शकलं नाही. मेव्हिस हसली की छपरावरचे समुद्रपक्षी उडायचे.

मेव्हिसचा नवरा कधीच वारलेला, आणि मी तिची भिंतीपलीकडची शेजारीण. माझं कुमुद हे नाव तिच्या जिभेवर 'कूमी' म्हणून बसलं ते कायमचं. तिच्याकडे सायकल, माझ्याकडे गाडी. त्यामुळे पुढे जे जे घडलं त्या सगळ्यात मी आपोआप ओढली गेले.

तर हिल्डा. फेरेट हिल्डा. तिच्या उमेदीच्या काळात तिच्यासारखी कामसू जिल्ह्यात नव्हती. लोक आपली फेरेटं आत सोडून तासन् तास बिळाशी हाका मारत बसायचे. हिल्डा जायची, काम करायची आणि दप्तर आवरून घरी निघालेल्या कारकुनासारखी मिशा झटकत बाहेर यायची. पण सात वर्षं म्हणजे फेरेटचं म्हातारपण. आधी शेपटीचे केस गेले. मग ती बिळाच्या तोंडाशी थांबून विचार करायला लागली. आणि एका सकाळी मेव्हिसच्या स्वयंपाकघरात, दुधाच्या बशीकडे जाता जाता, हिल्डा मधेच उभी राहिली. नजर भिंतीवर, तोंडातून लाळ, आणि मागचे पाय हळूहळू दोन बाजूंना पसरत गेले.

"कूमी! गाडी काढ!" मेव्हिस भिंतीवरून ओरडली. "हिल्डा गेली!"

मी चपलांवरच धावले. "कुठली हिल्डा?"

"मी ओरडतेय त्यावरून कळत नाही का!"

जनावरांची डॉक्टर तरुण होती, गमबूट घातलेली, कुठल्याशा गाईचं बाळंतपण उरकून आलेली. तिने रक्त तपासलं, पोट चाचपलं, मग खुर्ची ओढून आमच्यासमोर बसली. आत एक गाठ झाली आहे, म्हणाली, आणि ती गाठ हिल्डाच्या अंगातली साखर खाऊन टाकते. साखर उतरली की तिला असं होतं. औषध देता येईल, गाठ काढणं या वयात झेपायचं नाही.

"मग मी काय करू?" मेव्हिसने विचारलं. तिचा आवाज इतका लहान झालेला मी प्रथमच ऐकला.

"खायला घाला. दर चार तासांनी. मांस, अंडं, कोमट रस्सा. उपाशी ठेवायचं नाही. आणि पुन्हा अशी कोसळली तर हिरड्यांना थोडा मध चोळायचा."

"दर चार तासांनी? रात्रीसुद्धा?"

"जमेल तितकं."

"जमेल काय, मी शाळेतली दीडशे पोरं जेवू घातली आहेत," मेव्हिस म्हणाली आणि तिचा आवाज पुन्हा आपल्या मापाचा झाला. "ही निदान भाजीला नाक तरी मुरडणार नाही. जगेल किती?"

"काही महिने. नशीब असलं तर वर्ष."

"मग नशीब आहे," मेव्हिसने जाहीर केलं, जसं काही ते तिच्या फडताळात बरणीत भरून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून हिल्डाची सरबराई सुरू झाली. सशाचं मांस बारीक कुटून, अंड्याच्या बलकात कालवून, कोमट करून, चमच्याने. मागचे पाय घसरू नयेत म्हणून घरभर जुन्या गालिच्यांचे तुकडे. केस गेलेल्या पाठीवर थंडी वाजू नये म्हणून लोकरीची बाही. सासूबाईंच्या जांभळ्या स्वेटरची कापलेली. आणि गळ्यात तिचा कामाचा पट्टा. त्या पट्ट्यात एक छोटंसं यंत्र असतं; फेरेट जमिनीत खोल कुठे अडकलं तर वर हातातली डबी टकटक करून जागा सांगते. आता हिल्डाला कामाला जायचं नव्हतं. पण पट्टा काढला की ती बशीकडे पाठ करून बसायची. घातला की जेवायची.

"आणि त्यात बॅटरी कशाला घालतेस?" मी विचारलं.

"तिला कळतं."

"काय कळतं?"

"रिकामा आहे ते. मला फसवायचं नाही तिला, कूमी. म्हातारपणी कुणी फसवलेलं आवडत नाही."

दर चार तासांनी खाणं म्हणजे मेव्हिस जाईल तिथे हिल्डा. केस सेट करायला जाताना हिल्डा, बिंगोला हिल्डा, चॅपलमध्येही हिल्डा. मोठ्या पिशवीत, शेजारी रश्श्याचा थर्मास आणि एक गजराचं घड्याळ. बिंगोत एकदा तिने पिशवीतून डोकं काढून शेजारच्या बाईचं सँडविच नेलं, आणि त्याच घटकेला मेव्हिसच्या तिकिटावरचे सगळे आकडे लागले. तेव्हापासून लोक आपापली सँडविचं घेऊन तिच्या शेजारी बसायला भांडू लागले.

चॅपलमधला प्रकार मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमचे पाद्री नवीन होते, उत्साही होते, आणि त्यांनी खाटकाच्या दुकानात रांगेत उभं असताना ऐकलं की हिल्डा टायसनचं आता काही खरं नाही. मागचे पाय गेलेत, केस गळलेत, मेव्हिस बिचारी दिवसरात्र चमच्याने भरवतेय. रविवारी प्रवचनाआधी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आपली वयोवृद्ध भगिनी हिल्डा टायसन हिच्या अखेरच्या दिवसांत परमेश्वराने तिला शांती द्यावी..."

तिसऱ्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत, वृद्धाश्रमातून खास आलेल्या हिल्डा टायसन बसल्या होत्या. वय त्र्याण्णव.

"मला काय झालंय?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

पाद्र्यांचे डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आणि नेमकं तेव्हाच मेव्हिसच्या पिशवीतलं घड्याळ ठणाणा वाजायला लागलं.

"एवढ्यात?" म्हातारी म्हणाली. "निदान भजन तरी होऊ द्या!"

मेव्हिस बाकाखाली वाकली ती घड्याळ बंद करायला की हसू लपवायला, कोण जाणे. तिच्या हॅटवरचं पीस तेवढं थरथरताना दिसत होतं. मी पदर नसलेल्या देशात पदर शोधत होते तोंडात कोंबायला. पाद्रीही माणूस बरा. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "दोन्ही हिल्डांसाठी प्रार्थना करू. ज्यांना गरज असेल त्यांनी घ्यावी."

अशी थंडी सरली. मार्चमध्ये गोल्फवाल्यांचा निरोप आला.

गोल्फचं मैदान गावाच्या टोकाला, समुद्राकाठच्या टेकड्यांमध्ये. तिथला माळी एमोस बर्केट. साठीचा, उंच, वाकलेला, कधीही लग्न न केलेला; सोसाट्याच्या वाऱ्यातही टोपी न उडणारा गावातला एकमेव माणूस. बोलायचा कमी, आणि बोलायचा ते गवताबद्दल. भोकाभोवतीची जी तुळतुळीत हिरवळ असते ना, ती त्याने तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. चुकीचे बूट घालून कुणी तिच्यावर चढलं तर तो नुसता उभा राहून बघायचा, आणि माणूस आपोआप खाली उतरायचा. मेव्हिसचं आणि त्याचं कधी जमलं नव्हतं. ती जाळीचे खुंटे ठोकायची, त्याला ते स्वतःच्या छातीत ठोकल्यासारखं वाटायचं.

आता ससे सातव्या भोकाच्या हिरवळीच्या कडेला येऊन उकरायला लागले होते, आणि शनिवारी कप्तान-चषकाचा अंतिम सामना. क्लबचे कप्तान हेदरिंग्टनसाहेब स्वतः त्यात खेळणार होते, खाटकाविरुद्ध.

मेव्हिस सामन्याच्या दिवशी सकाळीच पोचली, कारण आदल्या दिवशी पावसाने झोडपलं होतं. कामाला तिने पेटीतलं तरुण फेरेट नेलं. हिल्डा आली ती फक्त हवा खायला. सायकलच्या पुढच्या टोपलीत, जांभळ्या बाहीत, गळ्यात पट्टा घालून, माहेरपणाला आलेल्या बाईसारखी. मी जाळ्या धरायला. एमोस फावड्यावर रेलून राखण करत होता.

"टायसनबाई," तो म्हणाला, "खुंटे हिरवळीवर नाही ठोकायचे."

"बर्केट, तुमच्या हिरवळीला मी फुंकरसुद्धा घालणार नाही."

"पाय पण."

"मग काय उडू?"

तिने टोपली उतरवून उन्हात ठेवली आणि हिरवळीशेजारच्या बांधाच्या अंगाला जाळ्या लावायला लागली. आम्ही दोघी पाठमोऱ्या. तरुण फेरेट पेटीतून काढायला ती वळली, आणि थबकली. टोपली आडवी पडली होती. जांभळी बाही गवतावर रिकामी पडली होती. आणि जिला घरात गालिच्यावरून चालताना हात द्यावा लागत होता, ती हिल्डा टायसन झुलत, लटपटत, पण कुणाच्या बापाला न जुमानता, बांधातल्या सगळ्यात मोठ्या बिळात शिरत होती. शेपटीचं टक्कल तेवढं दिसलं, मग तेही नाही.

"हिल्डा!" मेव्हिस ओरडली. "अगं, तू निवृत्त झालीस!"

खालून एकदा धडधड ऐकू आली. एक ससा सुटला, दुसरा सुटला, दोन्ही जाळीत. मेव्हिसच्या चेहऱ्यावर काळजी आणि अभिमान यांची अशी झटापट चालली होती की मला हसावं की रडावं कळेना. "बघितलंस? कूमी, बघितलंस? या वयात!" मग तिसरी धडधड झाली आणि एकदम थांबली.

आम्ही वाट पाहिली. मेव्हिसने रश्श्याची वाटी बिळाशी धरून फुंकर घातली. तिने हाक मारली, चुचकारलं, मग शिव्या दिल्या. आत सामसूम. तिच्या नजरेसमोर काय उभं राहिलं ते मला कळलं: स्वयंपाकघर, भिंतीवरची नजर, पसरत जाणारे पाय. फक्त आता ते जमिनीखाली अंधारात.

"डबी!" ती म्हणाली. "बॅटरी! कूमी, बॅटरी आहे तिच्या पट्ट्यात!"

डबी हातात घेऊन ती बांधावरून सरकत गेली. टक... टक... टक. बांध संपला. टकटक वाढली. मेव्हिस हिरवळीच्या कडेला पोचली आणि एमोसकडे बघितलं. एमोसने होकाराची मान हलवली. तिने बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी त्या हिरवळीवर चढली. टक टक टक टक. झेंड्यापासून चार पावलांवर डबी वेड लागल्यासारखी वाजायला लागली.

"इथे," मेव्हिस म्हणाली. "बरोबर इथे खाली. हातभर, फार तर दीड हात."

एव्हाना हेदरिंग्टनसाहेब, खाटीक आणि निम्मा क्लब चकरा मारत मारत तिथे पोचला होता. साहेबांना प्रकार कळायला थोडा वेळ लागला.

"छे छे छे," ते म्हणाले. "आपसूक येईल बाहेर. अर्ध्या तासात आम्ही या हिरवळीवर खेळणार आहोत."

"ती येऊ शकत नाही, साहेब. तिची साखर उतरलीय."

"कुणाची साखर?"

"हिल्डाची!"

"तुमच्या सासूबाई जमिनीखाली आहेत?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मेव्हिस हसली नाही. ती गुडघ्यांवर बसली होती, तळवा गवतावर टेकलेला. एमोस जवळ आला, तिच्याकडे बघितलं, मग आपल्या हिरवळीकडे. त्या गवताला त्याने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातून कसं वाढवलं होतं हे गावाला ठाऊक होतं. नवरा-बायकोच्या भांडणापेक्षा सातव्या हिरवळीवर जास्त बोललं जायचं आमच्याकडे.

"सरक जरा, मेव्हिस," तो म्हणाला.

मेव्हिस. टायसनबाई नाही. मी ऐकलं, तिने ऐकलं, मला वाटतं क्लबनेही ऐकलं.

"बर्केट!" हेदरिंग्टनसाहेब ओरडले. "फावडं खाली ठेवा! मी कप्तान म्हणून सांगतो!"

"मी माळी म्हणून ऐकतो," एमोस म्हणाला, आणि फावडं हिरवळीत घातलं.

केक कापावा तशी त्याने गवताची चौकोनी लादी कापली, अलगद उचलून कोटावर ठेवली. मग दुसरी. मग वाळू. वर आलेली वाळू तो हातांनी उपसत होता, आणि मेव्हिस दुसऱ्या बाजूने, आणि खाटीकही आपली चांगली विजार विसरून पोटावर आडवा पडला. खालच्या भुयाराला भोक पडलं त्याबरोबर आतून एक भलामोठा ससा तोफेच्या गोळ्यासारखा उसळला, खाटकाच्या डोक्यावर पाय देऊन थेट हेदरिंग्टनसाहेबांच्या दोन पायांमधून निघून गेला. साहेब मटकन खाली बसले. सशाच्या जागी, भुयाराच्या कोपऱ्यात, हिल्डा पडली होती. ओल्या मोज्यासारखी.

एमोसने तिला दोन्ही हातांनी वर काढलं. मेव्हिसने एप्रनच्या खिशातून मधाची बाटली काढली. वाळूने भरलेल्या बोटांनी झाकण निघेना. "दे," एमोस म्हणाला. त्याने दातांनी झाकण उघडलं, करंगळी मधात बुडवली आणि हिल्डाच्या ओठाआड घालून हिरडीला हळूहळू चोळत बसला.

सगळं मैदान भोवती गोळा झालं. हेदरिंग्टनसाहेबसुद्धा बसल्या जागेवरून मान उंच करून बघत होते.

हिल्डाची एक मिशी हलली. मग जीभ बाहेर आली. मग डोळा उघडला, आणि त्या डोळ्यात आपण कोण, कुठे, आणि तोंडात हे काय, असा सगळा हिशेब चाललेला दिसला. आणि तिने एमोसची करंगळी कडकडून धरली.

"अरे देवा," मेव्हिस म्हणाली. "आता ती सोडायची नाही!"

एमोसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. करंगळीतून रक्त येत होतं. "राहू दे," तो म्हणाला. "तिला आधार वाटत असेल."

आणि मग मेव्हिस हसली. आधी हुंदका आला असेल, पण बाहेर पडलं ते हसूच, आणि असं की टेकड्यांवरचे सगळे पक्षी एकदम उडाले. खाटीक हसायला लागला, मी वाळूतच बसकण मारली, आणि एमोस बर्केट, ज्याचे दात गावाने पाहिले नव्हते, तो करंगळीला लटकलेल्या फेरेटसकट गदागदा हसत होता.

सामना झाला. एमोसने एका हाताने लाद्या जागेवर बसवल्या, पाणी मारलं, थोपटलं. सातव्या भोकाशी साहेबांचा चेंडू चांगला सरळ निघाला होता, तो लादीच्या सांध्यावर आला, त्याने एक टुणकन उडी मारली आणि भलत्याच दिशेला गेला. खाटकाने चषक नेला. साहेबांनी एमोसला काढून टाकायचा ठराव समितीपुढे आणला, पण नव्या विजेत्याच्या समितीतल्या मताला त्या आठवड्यात फार वजन होतं. शिवाय त्याने जाहीर केलं की हिल्डा जिवंत असेतो तिला रोज ताजी कलेजी दुकानातून जाईल, आणि कलेजी गेलीसुद्धा, कागदात बांधून, वर 'हिल्डा टायसन' असं लिहून. त्यामुळे दुकानातल्या मुलीने पहिल्या दिवशी ती वृद्धाश्रमात नेऊन दिली. सासूबाईंनी तळून खाल्ली.

करंगळीची जखम दाखवायला एमोस दुसऱ्या दिवशी मेव्हिसकडे आला. तिसऱ्या दिवशी हिल्डाची तब्येत बघायला आला. चौथ्या दिवशी कारण सापडलं नाही तरी आला, कोंबड्यांची अंडी घेऊन. मग त्याने हिल्डाला चढायला सोपी अशी उताराची फळी बनवली, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या, पाय घसरू नयेत म्हणून. दुपारचं खाणं तो भरवायला लागला. त्याच्या हातून ती चमचा चाटूनपुसून साफ करायची. मेव्हिसच्या हातून अर्धं सांडायची.

"फितूर झालीय," मेव्हिस मला म्हणाली. पण बोलताना आरशात बघत होती.

तिने केस सेट करून घेतले, आठवड्यात दोनदा. कामं करताना गायला लागली. एके दिवशी तिने मटण-बटाट्याच्या भांड्यात मिठाऐवजी साखर घातली आणि एमोसने ते सगळं खाल्लं, आणखी मागून घेतलं.

"कूमी," ती भिंतीवर कोपरं टेकून म्हणाली, "तो फाटक उघडतो ना, तेव्हा माझ्या पोटात कसंतरी होतं. गॅस असेल का गं?"

"गॅस फाटकाच्या आवाजाने होत नाही."

"अडुसष्ट वर्षांची बाई मी!"

"मग?"

"मग काय! लाज नाही वाटायला पाहिजे?"

"वाटतेय का?"

"नाही गं," ती म्हणाली आणि खुदकन हसली. "अजिबात नाही. तीच तर पंचाईत आहे."

खरी पंचाईत होती ती सासूबाईंना सांगायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण म्हातारीचा तो एकुलता एक मुलगा. मेव्हिस हिल्डाला पिशवीत घेऊन वृद्धाश्रमात गेली. मी गाडी चालवली, म्हणून मीही समोर बसले. मेव्हिस हवेबद्दल बोलली, गवताबद्दल बोलली, गवतावरून माळ्यावर आली आणि तिथे अडकली.

म्हातारीने हिल्डाला मांडीवर घेतलं होतं. दोघींच्या हातापायांवरची कातडी सारखीच पातळ झालेली. "तो बर्केटांचा उंच मुलगा?" ती म्हणाली.

"मुलगा कसला, सासूबाई, चौसष्टचा आहे."

"ही चावली त्याला. मी ऐकलं. हात झटकला का त्याने?"

"नाही."

"माझ्या स्टॅनने झटकला असता," म्हातारी म्हणाली. "गुणी होता, पण झटकला असता. जा, कर लग्न. आणि मला पाठच्या रांगेत बसवू नका, ऐकू येत नाही."

हिल्डाने तो वसंत पाहिला, उन्हाळाही बराचसा पाहिला. ती दिवसेंदिवस हलकी होत गेली. डॉक्टरने औषध वाढवलं, मग स्पष्ट सांगितलं की आता वाढवून उपयोग नाही, ती जे मागेल ते द्या. तिने कलेजी मागितली, कस्टर्ड मागितलं, आणि ऊन मागितलं. एमोस कामावर जाताना तिला टोपीत घालून न्यायचा. सगळ्या जन्मात त्या वाऱ्यात तो पहिल्यांदाच बोडका फिरायला लागला, आणि गावाला कळलं की त्याला टक्कल आहे. जुलैच्या एका दुपारी, अवजारांच्या खोलीच्या दारात, टोपीत पोटभर खाऊन झोपलेली हिल्डा उठली नाही. एमोस टोपी तशीच हातात धरून चालत मेव्हिसच्या घरी आला. दोघांनी मिळून तिच्या मागच्या अंगणात खड्डा केला. पट्टा काढायचा की ठेवायचा या विचारात मेव्हिस बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "ठेव. उपाशी राहायची नाहीतर." आणि एमोसच्या कोटात तोंड खुपसून रडली. मी भिंतीपलीकडून पाहिलं आणि आत जाऊन उगाचच भांडी घासली.

पण रडून झाल्यावर ती आमच्या स्वयंपाकघरात आली, नाक पुसलं, आणि म्हणाली, "काय आयुष्य जगली गं ती! निवृत्तीत दोन ससे काढले, एका साहेबाला बुडावर बसवलं आणि मला नवरा धरून दिला." आणि आम्ही दोघी टेबलावर डोकं टेकून हसत सुटलो ते चहा थंड होईपर्यंत.

लग्न सप्टेंबरात झालं. मेव्हिसने पिवळा पोशाख शिवला होता, हेदरिंग्टनसाहेबांनी फुलं पाठवली, मनाविरुद्ध का होईना. पाद्र्यांनी नावं वाचताना कागद दोनदा तपासून घेतला. मंडळी चॅपलच्या हॉलमध्ये जेवली, आणि मग खाटकाच्या भावाने अकॉर्डियन काढलं. एमोस कोपऱ्यात खांबासारखा उभा होता. मेव्हिसने त्याचा हात धरून ओढला.

"मला येतं," तो हळूच म्हणाला.

"काय येतं?"

"नाच. आईने शिकवला होता. कुणी विचारलं नाही कधी."

आणि तो नाचला. तो उंच, वाकलेला माणूस असा सरळ झाला आणि असा फिरला की बायका खुर्च्यांवरून उठून उभ्या राहिल्या. मेव्हिसची हॅट उडाली, बूट तिने स्वतःच उडवले, एक खिडकीत गेला. ती हसत होती आणि ओरडत होती, "अहो, हळू, पडेन ना मी!" आणि तो काही हळू होत नव्हता. सासूबाई पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत टाळ्या वाजवत होत्या. गाणं संपलं तेव्हा त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"आता माझी पाळी," त्या म्हणाल्या.

एमोसने घाम पुसला, वाकून नमस्कार केला, खुर्चीच्या मुठी धरल्या, आणि अकॉर्डियन पुन्हा सुरू झालं.